झिलईतील जातके : ब्रह्मदेशातील मृत्फलकांचा पुरातत्त्वीय आणि वैज्ञानिक अभ्यास

स्मरणिकेत आठवणी असतात, मनोगते असतात, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो. ते सर्व योग्यच आहे. परंतु शाळेची खरी ओळख तिच्या वर्गातून होते. म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर या निमित्ताने एक पाठच मांडावा, असे आम्ही ठरविले. विषय आहे झिलईच्या मातीकामाचा, आणि त्याची सुरुवात स्वयंपाकघरातून करता येते.

घरातील लोणच्याची जुनी बरणी आपण हातात घ्यावी. अंग गुळगुळीत, चकचकीत, वरचा भाग तपकिरी, खालचा पिवळसर पांढरा. ती रिकामी करून उलटी केली, तर बुडाशी एक खरखरीत कडे दिसते. तेथे चकाकी नाही. भट्टीत वितळलेली झिलई खालच्या फळीला चिकटू नये, म्हणून कारागिराने ती जागा मुद्दाम कोरडी ठेवलेली असते. बरणीच्या बुडाशी तिच्या जन्माची कथा लिहिलेली असते; ती वाचता आली पाहिजे.

हिंदी-उर्दू भाषक अशा बरणीला 'मर्तबान' म्हणतात. हा शब्द एका बंदराच्या नावावरून आला. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, थानल्विन नदीच्या मुखाशी मोत्तमा नावाचे गाव आहे. त्याचेच जुने नाव मर्तबान. तेथून मोठमोठे झिलईदार रांजण जहाजांवर चढत आणि हिंदी महासागरभर जात. रांजणाला बंदराचे नाव मिळाले आणि ते नाव आपल्या शेजारच्या भाषेत आजतागायत राहिले. ज्या देशाने रांजणाला नाव दिले, त्याच देशाने झिलईच्या फलकांवर तथागतांच्या पूर्वजन्मींच्या कथा लिहून ठेवल्या. त्या फलकांचा अभ्यास कसा झाला आणि त्यातून काय कळले, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

झिलई म्हणजे काय?

झिलई म्हणजे मातीच्या भांड्यावर वितळवून बसविलेली पातळ काच. काचेचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे वाळूत आणि गारगोटीत असणारे द्रव्य. शुद्ध सिलिका वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. जुन्या काळातील साध्या कुंभारभट्टीत सामान्यतः ८०० ते १००० अंशांपर्यंत मजल जाते. हे अंतर भरून काढण्यासाठी सिलिकेला कमी उष्णतेत वितळविणारे दुसरे द्रव्य मिसळावे लागते. त्याला द्रावक म्हणतात. प्राचीन कारागिरांनी प्रामुख्याने दोन प्रकारचे द्रावक वापरले. एक, वनस्पतींच्या राखेतून किंवा खारट मातीतून मिळणारे क्षार. दुसरे, शिसे.

शिशाचे गुण कुंभाराच्या दृष्टीने मोठे आहेत. ते झिलईला कमी तापमानात पातळ करते, तिला खोल चमक देते आणि थंड होताना मातीच्या अंगाशी बऱ्यापैकी जुळवून घेते. क्षारांची झिलई मातीपेक्षा अधिक आकसते, त्यामुळे तिच्यावर बारीक भेगांचे जाळे लवकर पडते. पण शिशाचा दोषही मोठा आहे. ते विषारी आहे. शिशाच्या झिलईत आंबट पदार्थ ठेवला तर शिसे अन्नात उतरू शकते. आणि शिशाची पूड कुटणाऱ्या, चाळणाऱ्या माणसाच्या श्वासात ती थेट जाते. म्हणून भिंतीवरच्या चकाकत्या फलकाकडे पाहताना ती पूड ज्याने हाताळली, त्या माणसाचीही आठवण ठेवणे उचित ठरेल.

रंगाची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. तांबे मिसळल्यास झिलईला रंग येतो, पण कोणता रंग येईल हे द्रावकावर अवलंबून असते. क्षारांच्या झिलईत तांबे निळसर फिरोजी दिसते. शिशाच्या झिलईत तेच तांबे गवतासारखे हिरवे दिसते. तांब्याच्या कणाभोवती काचेची रचना कशी आहे, त्यावर तो प्रकाशाचा कोणता भाग शोषून घेतो हे ठरते. इराक-इराणकडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या मध्ययुगीन रांजणांची खापरे बहुधा फिरोजी असतात, आणि बागानचे फलक हिरवे. दोन्हींत तांबेच आहे. निव्वळ रंग पाहून अभ्यासकाला द्रावकाचा पहिला अंदाज बांधता येतो. हा अंदाज म्हणजे निष्कर्ष नव्हे. तो तपासावा लागतो.

बागानच्या गच्च्यांवरील ग्रंथालय

इरावती नदीच्या काठी बागान, जुन्या लेखनात पागान, हे नगर ११ व्या ते १३ व्या शतकात एका मोठ्या राज्याची राजधानी होते. आजही तेथे दोन हजारांहून अधिक विटांचे स्तूप आणि मंदिरे उभी आहेत. २०१९ साली युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

राजा अनोरथा याच्या काळातील दोन पेतलेइक स्तूपांवर जातककथांचे भाजलेले मृत्फलक बसविले आहेत. त्यांना झिलई नाही. पुढे श्वेझिगोन स्तूपावर हिरव्या झिलईचे फलक दिसतात. राजा क्यान्झित्ता याच्या कारकिर्दीत, इ.स. ११०५ च्या सुमारास, आनंद मंदिर उभे राहिले आणि तेथे ही कला पूर्णत्वास पोहोचली. आनंद मंदिराच्या पायथ्याशी आणि वरच्या गच्च्यांवर मिळून हजाराहून अधिक हिरवे झिलईदार फलक आहेत. पायथ्याशी एका बाजूस माराची सेना आणि दुसऱ्या बाजूस आनंदित झालेले देवगण. वरच्या गच्च्यांवर जातके, क्रमाने, एकामागून एक. १३ व्या शतकाच्या अखेरीस, राज्याचा अस्त जवळ आला असताना, बांधलेल्या मिंगलाझेदी म्हणजे मंगलचेतिय स्तूपावरही झिलईदार जातकफलक आहेत.

आनंद मंदिरातील मांडणीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावे. बहुतेक जातकांना प्रत्येकी एक फलक दिला आहे. चित्र एका चौकटीत, सोबत कथेचे नाव आणि क्रमांक. मात्र अखेरच्या दहा दीर्घ जातकांना, ज्यांत दानपारमितेची वेस्संतरकथा येते, मिळून तीनशेहून अधिक फलक दिले आहेत, आणि त्यांवर मोन भाषेत लेख आहेत. ज्या कथा लोकांच्या मनात खोल रुजवायच्या, त्यांना अधिक जागा आणि लोकांची भाषा. हा अभ्यासक्रमच होता असे म्हणावयास हरकत नाही.

मग झिलई कशासाठी? गच्ची उघडी असते. पावसाळा दरवर्षी येतो. साधी भाजलेली माती पाणी शोषते, तिच्यावर शेवाळ धरते, कडा झिजतात, अक्षरे पुसट होतात. काचेचा थर पाणी आत जाऊ देत नाही आणि कोरलेल्या अक्षराचे रक्षण करतो. फलकाची चकाकी शोभेसाठी होतीच, पण तिने लेखाला आयुष्यही दिले. नऊशे वर्षांनंतर आपण ती नावे वाचू शकतो, याचे काही श्रेय त्या पातळ काचेला द्यावे लागेल.

क्रमांकांनी सांगितलेला इतिहास

ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता, त्यामुळे तेथील संशोधन बराच काळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अंतर्गत झाले. शार्ल द्युरोइझेल यांनी आनंद मंदिरावरील मोन लेखांचे वाचन 'एपिग्राफिया बिर्मानिका' या ग्रंथमालेत १९२१ साली प्रसिद्ध केले. पुढे गॉर्डन ल्यूस यांनी बागानच्या अभ्यासाला सारे आयुष्य दिले. या विद्वानांनी एक साधे दिसणारे काम केले. प्रत्येक फलक त्याच्या जागेवर पाहिला, त्याचा क्रमांक नोंदविला आणि पाली जातकसंग्रहाशी ताडून पाहिला.

त्यातून जे निघाले ते कोणत्याही राजवंशावळीत नव्हते. आज प्रचलित असलेल्या पाली संग्रहात ५४७ जातके आहेत. परंतु पेतलेइक स्तूपांवरील मालिका ५५० जातकांची निघाली. तीन कथा जास्त होत्या आणि त्यामुळे अखेरच्या कथांचे क्रमांक पुढे सरकले होते. आनंद मंदिरातील मालिका मात्र श्रीलंकेतील परंपरेशी, म्हणजे ५४७ च्या क्रमाशी जुळते. दोन पिढ्यांच्या आत बागानमध्ये जातकसंग्रहाची एक पाठपरंपरा मागे पडली आणि दुसरी आली, असा याचा अर्थ होतो.

हे का घडले असावे, याचे उत्तर समुद्रापलीकडे आहे. ११ व्या शतकात श्रीलंकेचा राजा विजयबाहू पहिला याने आपल्या देशातील भिक्षुसंघाची उपसंपदा पुन्हा सुरू करण्यासाठी ब्रह्मदेशातून थेरांना पाचारण केले होते. भिक्षूंची ये-जा सुरू झाली की ग्रंथांचीही होते. क्यान्झित्ताने बोधगयेच्या वज्रासन मंदिराच्या दुरुस्तीसाठी साहित्य पाठविल्याचा उल्लेख ब्रह्मदेशातील शिलालेखात आहे, आणि १२९८ सालचा एक ब्रह्मी लेख आजही बोधगयेत आहे. धम्म ज्या भूमीत क्षीण होत होता, त्या भूमीतील महाविहाराची डागडुजी शेजारच्या देशाने केली. मातीच्या फलकावरचा एक क्रमांक या सर्व देवाणघेवाणीचा साक्षीदार ठरतो.

प्रयोगशाळेत काय होते?

लेख वाचणारा विद्वान 'काय लिहिले आहे' हे सांगतो. 'कशाने केले, कसे केले, केव्हा केले' हे सांगण्यासाठी दुसऱ्या साधनांची गरज असते. त्यातील चार आपण समजून घेऊ.

पहिले साधन क्ष-किरणांचे. झिलईवर क्ष-किरण सोडले की तिच्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकते. ते मोजले की शिसे आहे, तांबे आहे, लोह आहे, हे कळते. हातात धरता येणारे यंत्र आज उपलब्ध आहे, त्यामुळे फलक भिंतीवरून न काढताही तपासणी होऊ शकते. बागानच्या हिरव्या झिलईत शिशाचे प्रमाण मोठे आहे आणि हिरवा रंग तांब्याचा आहे, हे अशाच विश्लेषणांतून निश्चित झाले. मात्र या साधनाची एक मर्यादा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. ते मुख्यतः पृष्ठभाग पाहते. शतकानुशतके पाऊस आणि ओलावा सोसलेल्या झिलईच्या वरच्या थरातून काही द्रव्ये धुपून गेलेली असतात. पृष्ठभागावरचे आकडे म्हणजे मूळ झिलईचे आकडे नव्हेत.

म्हणून दुसरे साधन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. आधीच तुटलेल्या कडेचा कणभर तुकडा घेऊन त्याचा छेद घासून गुळगुळीत करतात आणि हजारो पटींनी मोठा करून पाहतात. वर धुपलेला थर, मध्ये मूळ काच, खाली मातीचे अंग, आणि काच व माती यांच्या सीमेवर वाढलेले सूक्ष्म स्फटिक, असे सर्व एकाच छेदात दिसते. येथे एक सुरेख युक्ती वापरली जाते. झिलईच्या घटकांतून शिसे आणि रंगद्रव्य वजा करावयाचे आणि उरलेल्या घटकांचे परस्परप्रमाण मातीच्या अंगाशी ताडून पाहावयाचे. ते जुळले तर कारागिराने केवळ शिशाची पूड लावली होती आणि सिलिका मातीतूनच घेतली गेली. ते जुळले नाही तर शिसे आणि वाळू आधी एकत्र कालवून मग लेप दिला होता. एका वजाबाकीतून शतकांपूर्वीच्या कारखान्यातील कृती कळते.

तिसरे साधन कालमापनाचे. मातीतील गारगोटीच्या कणांत, परिसरातील नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे, ऊर्जा हळूहळू साठत जाते. भट्टीत भाजताना ती सर्व निघून जाते आणि घड्याळ शून्यावर येते. त्यानंतर पुन्हा साठवण सुरू होते. प्रयोगशाळेत त्या मातीचा कण तापविला की साठलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. एकूण साठवणीला वार्षिक साठवणीने भागले की भाजल्यापासूनची वर्षे मिळतात. यास तापदीप्ती कालमापन म्हणतात. नमुना झिलईखालच्या मातीतून घेतात. उत्तर एका ठरावीक वर्षाचे नसते, काही दशकांचा किंवा त्याहून मोठा फरक गृहीत धरावा लागतो. म्हणून शिलालेख आणि उत्खननातील थर यांच्याशी ते पडताळावे लागते.

चौथे साधन शिशाच्या समस्थानिकांचे. शिशाचे चार स्थिर प्रकार निसर्गात आढळतात. त्यांपैकी तीन युरेनियम आणि थोरियम यांच्या ऱ्हासातूनही निर्माण होत असतात, त्यामुळे निरनिराळ्या वयाच्या खाणींत त्यांचे प्रमाण निराळे असते. खनिज वितळविले, झिलई केली, तरी हे प्रमाण व्यवहारतः बदलत नाही. झिलईतील शिशाचे प्रमाण एखाद्या खाणीशी जुळले, तर शिसे तेथून आले असणे शक्य आहे, असे म्हणता येते. न जुळले, तर त्या खाणीचा दावा फेटाळता येतो. दोन खाणींचे शिसे एकत्र वितळविले असेल तर मात्र हा पुरावा गोंधळून जातो. विज्ञानाचे बळ त्याच्या 'नाही' म्हणण्यात अधिक आहे, हे या उदाहरणावरून विद्यार्थ्यांना चांगले समजते.

माराची सेना आणि पांढरा रंग

आता आपण बागान सोडून दक्षिणेस, मोन लोकांच्या हंसावती म्हणजे बागो नगरात येऊ. काळ साडेतीनशेहून अधिक वर्षे पुढचा. राजा धम्मचेती, ज्याला धम्मझेदीही म्हणतात, राजा होण्यापूर्वी भिक्षू होता. संघातील उपसंपदेची शुद्धता राखण्यासाठी त्याने २२ थेरांना श्रीलंकेतील कल्याणी नदीवर पाठविले आणि परतल्यावर बागो येथे कल्याणी सीमा स्थापन केली. त्याची हकिकत पाली आणि मोन भाषांत दहा शिळांवर कोरलेली आहे. याच राजाने बोधगयेच्या आठवणीने बागो येथे श्वेगुगी हे तीर्थ बांधले आणि संबोधीनंतर तथागतांनी सात आठवडे जेथे जेथे घालविले, त्या स्थानांची प्रतिकृती उभी केली.

श्वेगुगीच्या भोवती झिलईचे मोठे फलक बसविले होते. त्यांवर माराचे सैनिक जोडीजोडीने उभे आहेत. कोणाला मेंढ्याचे तोंड, कोणाला वराहाचे, कोणाला माकडाचे. काही त्वेषाने चालून येताहेत, काही पराभूत होऊन परतताहेत. काही फलकांवर माराच्या कन्या आहेत. बागानच्या एकरंगी हिरव्या फलकांहून हे वेगळे आहेत. येथे हिरव्याबरोबर तपकिरी आहे, आणि एक नवा रंग आहे, पांढरा.

पांढरा रंग सोपा वाटतो, पण काच स्वभावतः पारदर्शक असते. झिलईखालची तांबूस माती तिच्यातून दिसतेच. तिला झाकावयाचे तर काच अपारदर्शक करावी लागते. विश्लेषणात या पांढऱ्या झिलईत शिशाबरोबर कथील सापडते. कथिलाचे ऑक्साइड शिशाच्या काचेत फारसे विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक काचेत तरंगत राहतात, प्रकाश चहूकडे विखुरतात, आणि झिलई दुधासारखी दिसते. हेच तंत्र पश्चिम आशियातील कुंभारांनी ८ व्या-९ व्या शतकापासून विकसित केले आणि पुढे ते युरोपात पोहोचले. चीनच्या कुंभारांना त्याची गरज भासली नाही, कारण त्यांची चिनी माती मुळातच पांढरी होती. म्हणून ब्रह्मदेशातील कथिलाची झिलई अभ्यासकांचे लक्ष वेधून घेते. ती समुद्रमार्गाने आलेल्या ज्ञानातून उगवली की तेथील कारागिरांनी स्वतः शोधली, यावर विद्वानांत चर्चा आहे. ब्रह्मदेशाच्या दक्षिणेस तनिंथारीचा किनारा कथिलाच्या खनिजासाठी प्रसिद्ध आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

जागा गेली की साक्ष गेली

इथवर आपण जे पाहिले ते सर्व शक्य झाले, कारण फलकांची जागा ठाऊक होती. जागा हरवली तर काय होते, याची दोन उदाहरणे सांगणे आवश्यक वाटते.

१९ व्या शतकाच्या अखेरीस काही युरोपीय प्रवासी आणि संग्राहकांनी बागानच्या वास्तूंवरील फलक काढून नेले. ते आज परदेशी संग्रहालयांच्या कपाटांत सुरक्षित आहेत, हे खरे. त्यांवर लेख आहे त्या फलकाची कथा ओळखता येते. लेख तुटलेला असेल तर तो फलक मालिकेत कोठे होता हे सांगणे कठीण होते, आणि मूळ भिंतीत त्याच्या जागी एक खळगा राहतो. ५५० आणि ५४७ यांतील फरक अशा खळग्यांतून कधीच कळला नसता.

दुसरे उदाहरण १९८४ च्या सुमाराचे. थायलंडच्या पश्चिम सीमेवर, ताक आणि ओमकोई भागातील डोंगरांत, जुन्या दफनभूमी सापडल्या. त्यांत पांढऱ्या झिलईवर हिरवी नक्षी असलेल्या ब्रह्मी थाळ्या आणि वाडगे निघाले. अशी भांडी तोवर जगाला जवळपास अपरिचित होती. बातमी पसरताच खोदाखोद सुरू झाली. भांडी बाजारात गेली, घरांच्या दिवाणखान्यांत गेली. कोणत्या दफनात, कोणत्या वस्तूशेजारी, कोणत्या थरात कोणते भांडे होते, याची नोंद बहुतांशी झालीच नाही. भांडे उरले, पण त्याचे शेजारी गेले. रसायनशास्त्र झिलईत कथील आहे हे सांगू शकते. ते भांडे कोणाच्या उशाशी ठेवले होते, हे सांगू शकत नाही.

याउलट गोव्याचे उदाहरण पाहावे. गोव्याच्या समुद्रात सुंची खडकाजवळ १७ व्या शतकाच्या आरंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी त्यांचा शोध घेतला. हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे आणि मर्तबानी रांजणांची खापरे तेथे मिळाली. सर्व एका जहाजात होते, हे नोंदले गेले म्हणूनच आफ्रिका, चीन आणि ब्रह्मदेश या तिन्ही दिशांचा व्यापार एका क्षणात एकत्र दिसतो. एरवी त्या खापराला कोणी विचारले नसते.

आपल्यासाठी याचा अर्थ

आपल्या गावाशेजारी पांढरीचे टेकाड असते. नांगरताना, विहीर खणताना, पावसाने ओघळ पडल्यावर खापरे वर येतात. मुले ती खिशात घालतात. आम्ही विद्यार्थ्यांना एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो. उचलण्याआधी पाहा. जागा लिहा, छायाचित्र घ्या, शिक्षकांना किंवा तहसील कार्यालयाला कळवा. भूमीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसंबंधी १८७८ चा आणि पुरावस्तूंसंबंधी १९७२ चा कायदा आहे. पण कायद्याच्या धाकाआधी समज हवी. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास इतरांनी ग्रंथात लिहिला नाही, त्यांचा इतिहास बहुतेक वेळा जमिनीतच असतो. तो आपणच उधळला तर दोष कोणाला द्यावयाचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, त्यांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. ब्रह्मदेशाशी आपले नाते असे जिवंत आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये भूकंपाने बागानच्या शेकडो वास्तूंना तडे गेले. आनंद मंदिराच्या जतनाच्या कामात गेल्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही हात दिला. क्यान्झित्ताने बोधगयेसाठी पाठविलेल्या साहित्याची ही जणू परतफेडच होय.

भगवंतांनी धम्माला 'एहि पस्सिको' म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा असे आवाहन करणारा. रंग पाहून अंदाज बांधणे, यंत्राने तो तपासणे, यंत्राची मर्यादा ओळखून छेद घेणे, कालमापन लेखाशी पडताळणे, आणि जेथे पुरावा पुरत नाही तेथे थांबणे, ही त्याच शिकवणीची प्रयोगशाळेतील रीत आहे.

शेवटी एका कुंभाराची आठवण. मज्झिम निकायात घटिकार नावाच्या कुंभाराची कथा आहे. कस्सप बुद्धांचा हा उपासक आपल्या अंध वृद्ध आईवडिलांचा सांभाळ करीत असे. भूमीतील जीवांना इजा होऊ नये म्हणून तो स्वतः जमीन खणत नसे. काठावरून ढासळलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती आणून भांडी करीत असे. जोतिपाल नावाचा ब्राह्मण तरुण त्याचा मित्र होता. बुद्धांच्या दर्शनाला जाण्यास तो तयार नव्हता. त्याला आग्रहाने तेथे नेले ते या कुंभाराने. तो जोतिपाल म्हणजेच पुढे आपले गौतम बुद्ध, असे कथा सांगते.

बागानच्या राजांची नावे शिलालेखांत आहेत. फलकांवर बोधिसत्त्वांची नावे आहेत. ते फलक घडविणाऱ्यांची, शिसे कुटणाऱ्यांची, भट्टीपुढे रात्र काढणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या छेदात त्यांच्या हाताची कृती अजून वाचता येते. विज्ञानाने या अनाम माणसांना त्यांच्या कामाची साक्ष परत मिळवून दिली. आपल्या विद्यार्थ्यांनी ती वाचावयास शिकावे, एवढीच या पाठामागील इच्छा आहे.

स्वाध्याय

१. घरातील बरणी, कप आणि कुंडी उलटी करून झिलई नसलेली जागा शोधा. ती तेथेच का आहे, ते लिहा.

२. तांबे एका झिलईत फिरोजी आणि दुसरीत हिरवे का दिसते, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

३. पेतलेइक आणि आनंद येथील जातकांच्या क्रमांकांत फरक आहे. त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो आणि कोणता निघत नाही?

४. थायलंडच्या डोंगरातील वाडगा आणि गोव्याच्या समुद्रातील खापर, यांपैकी इतिहासाला अधिक काय देते? कारणे द्या.

५. आपल्या गावातील वडीलधाऱ्या कुंभाराकडे जा. माती कोठून येते, आवा किती वेळ जळतो, किती भांडी फुटतात, हे विचारून नोंद करा. नोंदीच्या वर त्यांचे नाव, त्यांच्या संमतीने, अवश्य लिहा.